पासपोर्ट नाही किंवा संपलाय, तरी देशातल्या देशात विमानाने जायचंय आणि गेटवर ओळखपत्रावरून अडवतात, त्यावर काय करायचं

हा प्रश्न आमच्या नात्यात आणि ओळखीत दर दोन-तीन महिन्यांनी येतोच, आणि येतो तो बहुतेक वेळा पहाटे, कारण स्वस्त तिकिटं पहाटेचीच असतात. मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला साडेचारला, "दादा, आईला आत सोडत नाहीयेत, पासपोर्ट लागतो का रे?" मावशीकडे पासपोर्ट कधी नव्हताच. तिच्याकडे आधारची झेरॉक्स होती, आणि तीसुद्धा झेरॉक्सची झेरॉक्स, फोटोच्या जागी काळा डाग, नुसता पदर तेवढा ओळखू येत होता. गेटवरचा जवान सभ्यपणे सांगत होता की मावशी, ओरिजिनल दाखवा, आणि हे दोघं समजत होते की पासपोर्ट मागतायत.

तर पहिली गोष्ट आधी डोक्यात बसवा. भारतात एका शहरातून दुसऱ्या शहरात विमानाने जायला भारतीय नागरिकाला पासपोर्ट लागत नाही. तो नसला, संपला असला, रिन्यूअलला दिलेला असला, व्हिसासाठी एखाद्या दूतावासात अडकलेला असला, तरी काही फरक पडत नाही. संपलेला पासपोर्ट मात्र गेटवर काढूच नका, कारण यादीत 'वैध पासपोर्ट' आहे, मग तारखेवरून चर्चा सुरू होते आणि खिशात आधार असताना उगाच दहा मिनिटं जातात.

यादी कोणती, तर विमानतळांच्या सुरक्षेचे नियम ठरवणारी जी सरकारी संस्था आहे, नागरी विमान सुरक्षा ब्युरो, तिने २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये १० कागदपत्रं ठरवून दिली. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, आधार किंवा मोबाईलवरचं एमआधार, पॅन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, नोकरीचं फोटो ओळखपत्र, सरकारी संस्थेतल्या विद्यार्थ्याचं फोटो ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो साक्षांकित केलेलं पासबुक, फोटो असलेलं पेन्शनचं कार्ड किंवा कागद, आणि दिव्यांगांसाठी फोटो असलेलं ओळखपत्र किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र. यातलं कुठलंही एक पुरतं. दोन लागत नाहीत, पत्ता जुळावा लागत नाही, आधारवर गावचा पत्ता आहे आणि राहता शहरात म्हणून कोणी अडवत नाही. बघतात ते तीनच गोष्टी, कागद ओरिजिनल आहे का, त्यावरचं नाव तिकिटावरच्या नावाशी जुळतं का आणि समोर उभा आहे तो फोटोतलाच माणूस आहे का. जेवढे फोन मला आलेत ना, सगळे या तीनातल्याच कशावर तरी अडकलेले.

"झेरॉक्स चालत नाही म्हणतात"

बरोबर म्हणतात. झेरॉक्स चालत नाही, गॅलरीतला कार्डाचा फोटो चालत नाही, मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. पण मोबाईलवरचं काहीच चालत नाही असं नाहीये, आणि इथेच लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. एमआधार अ‍ॅपमध्ये उघडलेलं आधार चालतं, डिजीलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी अ‍ॅपमध्ये उघडलेलं आधार किंवा लायसन्स चालतं.

डिजीलॉकरची एक बारीक गोष्ट, जी खूप जणांना माहीत नसते. त्यात दोन कप्पे असतात, एक 'इश्यूड' आणि दुसरा आपण स्वतः स्कॅन करून टाकतो तो. ज्या खात्याने कागद दिला त्याच्याकडून थेट आलेला असतो तो इश्यूडमध्ये दिसतो आणि कायद्याने ओरिजिनलच्या बरोबरीचा धरतात तो तोच. आपण फोटो काढून टाकलेलं कार्ड डिजीलॉकरमध्ये असलं तरी ते गॅलरीतल्या फोटोसारखंच. म्हणजे माझं लायसन्स डिजीलॉकरमध्ये आहे असं म्हणणाऱ्याने एकदा उघडून बघायचं की नक्की कुठल्या कप्प्यात आहे. चुकीच्या कप्प्यात असेल तर लायसन्स नंबर टाकून परिवहन खात्याकडून ओढून घ्यायचं, दोन मिनिटांचं काम आहे, फक्त त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव फार वेगळं असेल तर ते ओढलं जात नाही आणि मग प्लास्टिकचं मूळ कार्डच जवळ ठेवावं लागतं.

ई-आधार, म्हणजे आधारची पीडीएफ, डाउनलोड केलं की ती उघडताना पासवर्ड मागते आणि माणसं तिथे अडून बसतात. पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, लगेच पुढे जन्माचं वर्ष, मध्ये जागा सोडायची नाही. समजा नाव सुनीता आणि जन्म १९५८ चा, तर एस, यू, एन, आय आणि पुढे १९५८. पहिलं नाव तीनच अक्षरांचं असेल आणि पुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर चौथं अक्षर त्याचं घ्यायचं. नावात आद्याक्षरानंतर टिंब असेल तर ते टिंबही एक अक्षर म्हणून मोजायचं.

पण हे सगळं चालतं ते आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू असेल तरच, कारण ओटीपी तिथेच येतो. मावशीचा नंबर होता काकांचा जुना, काका गेल्यावर तो बंद केला, आणि आधारला तो जोडलाय हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. मावसभाऊ तिथे गेटबाहेर उभा राहून परत परत ओटीपी मागवतोय आणि तो अशा नंबरवर जातोय जो आता कोणाचाच नाही. घरातल्या म्हातार्‍या माणसांच्या बाबतीत हे फार बघितलंय मी. नंबर कुणाचा तरी असतो, नातवाचा, शेजारच्याचा, सेतू केंद्रवाल्यानेच त्या दिवशी काहीतरी टाकलेला असतो. म्हणून प्रवास असो नसो, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या आधारला कुठला नंबर आहे ते आज बघा आणि चुकीचा असेल तर आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या. आधारबद्दल काहीही अडलं तर १९४७ हा त्यांचा हेल्पलाइन नंबर आहे.

मग मावशीचं काय झालं, तर मी तिला फोनवर म्हटलं, मावशी, पर्स खाली बाकावर ओत सगळी. त्यात औषधाच्या चिठ्ठ्या, अंगारा, भाजीच्या हिशेबाचं कागद, आणि पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरात मागच्या बाजूला सरकवलेलं मतदार ओळखपत्र, जुनं, कडा पिवळ्या पडलेल्या, पण ओरिजिनल. जवानाने फोटो बघितला, मावशीकडे बघितलं, तिकिटावरचं नाव वाचलं आणि आत सोडलं. मतदार कार्ड, आधार, पॅन यांना संपायची तारीख नसते, ते किती जुनं आहे याने फरक पडत नाही, चेहरा ओळखू यायला हवा. लायसन्सला मात्र तारीख असते, ते संपलेलं असेल तर दुसरं काहीतरी न्या.

"पासबुक होतं तरी नाही चाललं"

हेही खूप ऐकतो. नियमात शब्द आहे राष्ट्रीयीकृत बँक, आणि फोटो साक्षांकित हवा, म्हणजे पासबुकावर फोटो चिकटवलेला, त्यावर बँकेचा गोल शिक्का अर्धा फोटोवर अर्धा कागदावर आणि अधिकाऱ्याची सही. आपल्याकडे निम्म्या लोकांची खाती जिल्हा बँकेत, नागरी सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असतात, ती पासबुकं या यादीत बसत नाहीत. आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं असलं तरी हल्ली बऱ्याच ठिकाणी फोटो न लावताच पासबुक देतात, तेही उपयोगाचं नाही. शाखेत जाऊन फोटो लावून शिक्का मारून मागा.

तसंच रेशन कार्ड यादीत नाही. एसटीचं ज्येष्ठांचं स्मार्ट कार्ड यादीत नाही. आयुष्मान कार्ड नाही. लोक ही कार्डं फार विश्वासाने घेऊन येतात कारण त्यावर फोटो आहे, सरकारचं नाव आहे, एसटीत आणि दवाखान्यात चालतात, मग इथे का नाही असं त्यांना वाटतं, आणि त्यांचं वाटणं चुकीचं नाहीये, पण गेटवर यादी तीच धरतात.

विद्यार्थ्यांचं पण असंच. नियमात सरकारी संस्थेचं ओळखपत्र म्हटलंय, खासगी कॉलेजचं किंवा क्लासचं कार्ड घेऊन मुलाला एकटं पाठवू नका, आधार द्या बरोबर. नोकरीच्या कार्डाचं म्हणाल तर सरकारी खातं, सरकारी कंपनी, महापालिका, जिल्हा परिषद यांचं निभावतं, खासगी कंपनीच्या गळ्यातल्या कार्डावर मी तरी विसंबणार नाही.

"नाव जुळत नाही म्हणतात"

आता हा खरा मोठा विषय, आणि आपल्या मराठी लोकांच्यात तर जास्तच. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं तीन भागांत असतं. तिकिटाच्या फॉर्मवर पहिलं नाव आणि शेवटचं नाव असे दोन रकाने. मधलं नाव राहिलं म्हणून सहसा कोणी अडवत नाही, पहिलं आणि आडनाव जुळलं की पुरतं. पण बायकांची नावं लग्नात बदललेली असतात, नुसतं आडनाव नाही, पहिलं नावसुद्धा, विशेषतः साठीच्या पुढच्या बायकांची. मग मतदार कार्डावर सासरचं नाव, पेन्शनच्या कागदावर माहेरचं कारण नोकरी लग्नाआधी लागलेली, आधारवर काढायला गेल्या तेव्हा जे सांगितलं ते, आणि घरात सगळे तिसऱ्याच नावाने हाक मारतात.

माझ्या आईचं तिकीट काढताना माझ्याकडूनच हे झालं. मी डोळे झाकून आईचं नाव टाकलं, जे मला लहानपणापासून माहीत आहे ते, शाळेच्या दाखल्यावर आईच्या नावापुढे तेच आहे. आधारवर तिचं नाव वेगळं आहे हे मला चाळिशीत आल्यावर प्रवासाच्या आदल्या रात्री कळलं, आणि तेही तिने कार्ड काढून पुढ्यात ठेवलं म्हणून. त्या रात्री आईचा चेहरा बघवत नव्हता, ती पहिल्यांदा विमानात बसणार होती, पिशवी भरून दाराशी ठेवलेली, आणि सारखी म्हणत होती राहू दे रे, मी नाही येत. सुदैवाने घरात आईचं जुनं मतदार कार्ड होतं आणि त्यावर मी टाकलेलंच नाव होतं. आम्ही आधार घरीच ठेवलं आणि ते घेऊन गेलो.

तेव्हापासून मी एकच पद्धत ठेवलीये. तिकीट काढायच्या आधी ज्याचं तिकीट त्याला विचारायचं, तू गेटवर कुठलं कार्ड दाखवणार, ते कार्ड समोर घ्यायचं, आणि त्यावरचं इंग्रजी नाव एकेक अक्षर बघून टाइप करायचं. आठवून नाही, मराठी नावावरून आपल्या मनाने इंग्रजी करून नाही. वाघमारे मधला व एका कार्डावर डब्ल्यूने असतो आणि दुसऱ्यावर व्हीने, गायकवाडमध्ये कुठे आय असतो कुठे वाय. एखादं अक्षर इकडेतिकडे असेल तर बहुतेक जवान समजून घेतात, पण ते त्यांच्यावर असतं आणि पहाटे चार वाजता रांगेत उभं राहून कोणाच्या समजूतदारपणावर प्रवास टांगू नये.

आणि चूक झालीच तर जेवढं लवकर तेवढं बरं. तिकीट थेट एअरलाइनकडून काढलेलं असेल आणि काढल्यापासून २४ तासांच्या आत त्यांना सांगितलं तर त्याच माणसाच्या नावातली चूक पैसे न घेता दुरुस्त करून द्यायची असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. म्हणून तिकीट आलं की त्याच दिवशी घरच्या ग्रुपवर टाका आणि ज्याचं त्याला नाव वाचायला सांगा, नुसता अंगठा दाखवून नका सोडू म्हणावं. दुसऱ्या वेबसाइटवरून किंवा एजंटकडून काढलेलं असेल तर एअरलाइन बहुतेक परत त्यांच्याकडेच पाठवते आणि त्यात दिवस जातात. एखाद-दुसरं अक्षर किंवा पहिलं-आडनाव उलटं पडलंय असं असेल तर कस्टमर केअरला फोन करून होतं. पूर्ण वेगळंच नाव असेल तर ते दुरुस्ती धरत नाहीत, कारण एकाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. तेव्हा आधी घरात शोधा, तिकिटावर जे नाव पडलंय ते यादीतल्या दुसऱ्या कुठल्या कागदावर आहे का. आमचं तसंच निभावलं.

पाकीट चोरीला गेलं आणि परत यायचंय

जाताना सगळं नीट असतं, परतीला पाकीट मारलं जातं. पोलिसात तक्रार करा, प्रत घ्या, पण तक्रारीची प्रत यादीत नाही, तेवढ्यावर आत सोडतील असं धरून चालू नका. फोन जवळ असेल आणि आधारचा नंबर चालू असेल तर एमआधार किंवा डिजीलॉकर, झालं काम. फोनही गेला असेल तर त्याच नंबरचं सिम परत काढायला लागतं, त्याला वेळ लागतो, तोवर घरच्यांना मतदार कार्ड किंवा पॅन कुरिअरने पाठवायला सांगा, दुसरं मूळ कागदपत्र घरी ठेवायचं ते याचसाठी. सगळी कार्डं एकाच पाकिटात घेऊन फिरू नका.

यातलं काहीच नसेल तर नियमात शेवटची एक वाट ठेवलीये. केंद्र किंवा राज्य सरकारच्या गट अ राजपत्रित अधिकाऱ्याने आपल्या लेटरहेडवर फोटो साक्षांकित करून दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र. ऐनवेळी मिळायला अवघड आहे हे खरं, पण ज्या म्हातार्‍या माणसाचे बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून आधारच रखडलंय अशांना आधीपासून तयारी करून हे काढून ठेवता येतं.

लहान मुलं

आईवडिलांबरोबर असतील आणि आईवडिलांकडे वैध ओळखपत्र असेल तर गेटवर मुलांचं वेगळं ओळखपत्र लागत नाही. पण दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर घेऊन जाणार असाल तर एअरलाइन वयाचा पुरावा मागते, जन्माचा दाखला जवळ ठेवा. जाताना बाळ दोन वर्षांच्या आत आणि परत येताना दोन पूर्ण झालेलं असेल तर परतीचं वेगळं सीट काढावं लागतं, हे काउंटरवर कळलं की फार धावपळ होते. एकट्या जाणाऱ्या मुलाला मात्र यादीतलं ओळखपत्र हवंच.

डिजीयात्रा आहे की, मग कशाला?

डिजीयात्रा १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीला सुरू झाली, नंतर पुण्या-मुंबईलाही आली, चेहरा दाखवून आत जाता येतं आणि खरंच वेळ वाचतो. पण ती उभी आहे आधारवर. तिकिटावर आधारपेक्षा वेगळं नाव असेल तर बोर्डिंग पास त्यात जोडलाच जात नाही, म्हणजे आईच्या वेळी ही काहीच कामाची नव्हती. आणि जोडला गेला तरी यंत्राने चेहरा नाही ओळखला तर शेजारच्या रांगेत ओरिजिनल कार्डच दाखवायचंय.

कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. हे सांगायचं कारण, गेटवर दाखवून झालं की माणसं कार्ड मोठ्या बॅगेत टाकतात, बॅग काउंटरवर जाते, आणि पुढे विमानात चढताना कोणी परत बघायला मागितलं की कार्ड बॅगेबरोबर विमानाच्या पोटात. काउंटर सुटायच्या साधारण तासभर आधी बंद होतो, त्यामुळे दोन तास आधी पोचा, म्हातारं माणूस किंवा नावाची शंका असेल तर अजून आधी.

गेटवर अडवलंच तर आवाज चढवू नका, जवान नियमाने बोलतोय. बाजूला व्हा, शांतपणे यादीतलं अजून काय काय जवळ आहे ते आठवा, पर्स ओता, फोनमध्ये बघा. कागद यादीतला आहे आणि तरी नाही म्हणत असतील तर ड्युटीवरच्या वरिष्ठांना बोलवायची विनंती करा, आणि नावाचा प्रश्न असेल तर बाहेरच्या बाजूला एअरलाइनची तिकिटाची खिडकी असते तिथे जा.

आणि काठमांडूला जाणाऱ्यांनी हे सगळं विसरा, ते परदेशी विमान आहे. तिथे पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, नुसत्या आधारवर निघू नका.

मावशी येत्या रविवारी परत येतेय. नंबर बदलायला आधार केंद्रात जायचं अजून राहिलंय, म्हणून भावाला सांगितलंय, मतदार कार्ड त्या पासबुकाच्या कव्हरातून काढून तिच्या हातात दे आणि परतीच्या तिकिटावरचं नाव तिलाच वाचायला लाव.